बंदरची रेती

बल्लारशाच्या रेल्वे चाळीत वारलू पाइंटमनइतका मऊ माणूस दुसरा नव्हता, आणि ही काही त्याची तारीफ नव्हे. रुळांचा सांधा बदलायचा लोखंडी दांडा तो एका हातानं ओढी. पण घरात कोंबडी कापायची वेळ आली की काहीतरी काम काढून विहिरीवर निघून जाई. चाळीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. त्याची बायको सुगंधा मग स्वतःच कोंबडी कापी आणि रश्श्यात तिखट जरा जास्तच टाकी.

त्यांना एकच पोर, अनसा. दारात धावण्याच्या वयात एका पावसाळ्यात तिला ताप भरला. पोर वाचली, पण कमरेखाली लुळी झाली. चांद्याच्या डॉक्टरानं तिचे पाय एकेक करून वर उचलले आणि सोडून दिले. ते खाटेवर पडले तसेच पडून राहिले. जीव वाचला हेच नशीब समजा, असं तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

तेव्हापासून घर अनसाच्या हाकांवर चालायचं. "बाबा, पानी दे." "बाबा, मले दारात ने." "बाबा, हे कुत्रं पाह्य ना कसं पाहून राह्यलं." यातल्या निम्म्या हाका बिनकामाच्या असत. वारलूला ते कळत नव्हतं असं नाही, पण तो बिनकामाच्या हाकेलाही तेवढाच धावायचा. रात्रपाळी करून आला, डोळा लागला आणि हाक आली, तरी उठायचा. सुगंधा म्हणायची, "तुमी तिले लाडानंच लुळी ठेवान." तो हसून सोडून द्यायचा.

वारलूची थोरली बहीण गुणाबाई वैनगंगेच्या काठी राहायची, मार्कंड्याच्या देवळाच्या पलीकडच्या तीरावर. नवरा गेल्यावर धानाची शेती एकटीनं सांभाळलेली, हाडापेरानं आणि जिभेनंही टणक. त्या काठाला लकवा मारलेल्या लेकरांना रेतीत बसवायची जुनी रीत होती. उन्हाळ्यात पाण्याजवळच्या ओल्या रेतीत खड्डा करायचा, कारण कोरड्या रेतीत खड्डा धरत नाही, ढासळतो. लेकराला त्यात कमरेपर्यंत बसवायचं आणि वरची तापलेली रेती टोपल्यानं आणून भोवती ठासून भरायची. इथवर सगळं ठीक. खरी मेख पुढे होती.

"पोट्टी रडन," गुणाबाईनं भावाला बजावलं होतं. "रडू दे. मायबापानं दूर जाऊन पाठ फिरवून बसाचं. पाहाचं नाई, ओ द्याची नाई. रडता रडता ती आपोआप चूप झाली, का समजाचं, रेती लागली. आन अर्ध्यात काढलं, त मंग त्या नदीची रेती त्या लेकराले जन्मात लागत नाई."

ही रीत कुणी घातली, कोण जाणे. तापल्या रेतीत रडणारं लेकरू कोणत्या आईला बघवेल? म्हणून कुणा शहाण्यानं पाठ फिरवायचा नियम केला असेल. शहाण्यानं म्हणा, नाहीतर दगडानं म्हणा.

वारलूनं मागच्या उन्हाळ्यात अनसाला वैनगंगेत बसवलं. सुगंधा पदराचा बोळा तोंडात धरून पाठमोरी बसली. वारलूही बसला. बिडी पेटवली, ती अर्धी झाली नाही तोच अनसानं "बाबा, पोळून राह्यलं, बाबा," असा टाहो फोडला आणि हा उठून धावला. दोन्ही हातांनी रेती उपसून त्यानं पोरीला छातीशी धरलं. तिची कातडी लाल झाली होती, पण फोड एकही आला नव्हता. गुणाबाई आली, पोरीचे पाय पाहिले, भावाकडे पाहिलं.

"आता वैनगंगा हिच्यासाठी गेली," ती म्हणाली. "हिचे पाय तुया हातानं गेले, वारलू. तापाचं नाव सांगू नोको आता कोनाले."

त्या एका वाक्यानं वारलू वर्षभर जळत राहिला. सुगंधा तोंडानं कधी काही बोलली नाही. पण अनसाला उचलून परसाकडे नेताना ती जो सुस्कारा टाकायची, तो वारलू आतल्या खोलीतूनही ऐकायचा. पोर वाढत होती, जड होत होती. उद्या आपण नसलो तर हिला कोण उचलणार, हा विचार त्याला सांध्याचा दांडा ओढतानाही सुटत नव्हता.

बंदरचं नाव काढलं बाबूभाईनं. स्टेशनाबाहेर शिलाईची मशीन घेऊन बसणारा हा माणूस कापडापासून काविळीपर्यंत सगळ्यातलं जाणायचा. निदान बोलायचा तरी तसा. त्याची बायको जमीला बंदरची. बेझवाड्याला गाडी बदलून पुढे दर्याच्या काठावर ते गाव.

"नदीची रेती काय करते, भाऊ?" पायजम्याला नाडी ओवत बाबूभाई म्हणाला. "समुंदरची रेती पाहा. खारी राहते. नमक आहे ना तिच्यात, नस खुली करते. आन तिथी थंडीतही घाम येते."

वारलूनं ते बहिणीच्या कानावर घातलं. "दुसरं पानी, दुसरी रेती," गुणाबाई म्हणाली. "चालन. पन या टायमाले धीर सोडला, त मंग तिसरी रेती नाई, सांगून ठेवतो."

रेल्वेचा फुकट पास वारलूनं आजवर कधी वापरला नव्हता; जायचं तरी कुठे? आता वापरला. शनिवार-सोमवारची रजा आणि मधल्या रविवारची सुट्टी जोडून तिघं शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसली. सुगंधानं दिवाळीचं हिरवं लुगडं काढलं होतं. भाकरी, मिरचीचा ठेचा, अनसासाठी गुळाच्या दशम्या. चाळीतल्या बाया निरोप द्यायला फलाटावर आल्या, जणू ही मंडळी विलायतेला निघाली. खरं सांगायचं तर औषधाचं नाव असलं तरी तिघांच्या जन्मातली ती पहिलीच सहल होती. अनसा रात्रभर खिडकीला नाक लावून बसली. अंधारात दिसत काहीच नव्हतं, तरी "बाबा, ते पाह्य," "बाबा, हे पाह्य," चालूच होतं.

शनिवारी संध्याकाळी बंदरला पोचून त्यांनी धर्मशाळेत पाठ टेकली. रविवारी उजाडताच एका बैलगाडीवाल्यानं त्यांना समुद्राकाठी सोडलं आणि दुपार कलल्यावर परत येईन, असं बोटानं सूर्य दाखवून सांगितलं.

समुद्र पाहून सुगंधा म्हणाली, "एवढं पानी, आन कोनाच्या बापाच्या कामाचं नाई."

"बाबा, या नदीचा तो काठ कुठी हाये?" अनसानं विचारलं.

"लय दूर हाये."

"तिथी मार्कंड्यावानी देऊळ हाये?"

"असन."

त्यानं तिला मांडीवर घेऊन पाण्याच्या कडेला बसवलं. फेस तिच्या पायांवरून गेला आणि ती खिदळली. पाय हलत नव्हते, पण गुदगुल्या कळत होत्या. लाट मागे गेली की ती "ये, ये" म्हणून तिला बोलवायची, लाट आली की बापाच्या गळ्याला मिठी मारायची. सुगंधाही लुगडं वर खोचून घोट्याइतक्या पाण्यात उभी राहिली आणि नवऱ्याच्या अंगावर तिनं चक्क ओंजळभर पाणी उडवलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं तिनं कधी केलं नव्हतं. वारलूला वाटलं, इथेच थांबावं, रेतीबिती काही करू नये. पण हाच तो आपला मऊपणा, हेही त्याला लगेच आठवलं आणि तो उठला.

वारलू नदीकाठी वाढलेला माणूस. पाण्यावर डोळे मिटून भरवसा ठेवणारा नव्हे. त्यानं आधी काठ नीट पाहिला. बरंच वर, ताडाच्या झाडांच्या खाली, शिंपले आणि वाळक्या काडीकचऱ्याची एक लांब रेघ पडली होती. "ही पुराची रेघ," त्यानं बायकोला दाखवली. "सावनात पानी इथवर येत असन. आता चैत हाये. उतरतं पानी हाये." तेवढ्यावरही तो थांबला नाही. नदीकाठचे लोक करतात तसं त्यानं पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवली. भाकरी खाऊन तिघं परत आली, तर पाणी काडीपासून चांगलं हातभर मागे सरकलं होतं. वैनगंगेवर एवढी खूण पुरते. चैतात उतरायला लागलेली नदी मृगापर्यंत वर येत नाही. हे त्याच्या बापानं पाहिलं होतं, आज्यानं पाहिलं होतं. समुद्र दिवसातून दोनदा वर चढतो, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला कळायचं कारणच पडलं नव्हतं.

त्यानं त्या काडीपासून थोडं वर, ओल्या रेतीत, खड्डा खणला.

अनसाच्या तेव्हा लक्षात आलं. सकाळपासूनचं तिचं हसू एकदम आटलं. "बाबा, मी चालन," ती म्हणू लागली. "घरी गेलो का चालन. सच्ची चालन, बाबा. माय, सांग ना बाबाले." सुगंधानं तोंड फिरवलं. वारलूनं पोरीला उचलून खड्ड्यात बसवलं. वरची रेती निखाऱ्यासारखी तापली होती. टोपल्यामागून टोपलं आणून त्यानं ती भरली, हातानं दाबली, पायानं दाबली. मागच्या वेळी सैल भरली होती म्हणून पोर लवकर निघाली, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. या वेळी त्यानं कसूर ठेवली नाही. तिच्या डोक्यावर ओलं फडकं घातलं आणि बायकोचा हात धरून तो ताडांकडे चालू लागला. मागून हाक आली. त्यानं वळून पाहिलं नाही.

ताडांच्या सावलीत दोघं समुद्राकडे पाठ करून बसली. काठावर चिटपाखरू नव्हतं. वारा समुद्रावरून येत होता, लाटांचा आवाज वाढला होता, आणि त्या आवाजात पोरीचे शब्द कळत नव्हते. "बाबा" तेवढं ओळखू येत होतं. एकदा, पुन्हा एकदा, मग लागोपाठ.

सुगंधा उठली. "मी जातो. जीव थाऱ्यावर नाई माया."

वारलूनं तिचं मनगट धरलं. "बस."

"लय रडून राह्यली ना वो."

"रडूच दे. मागं मीच धावलो, मनूनच तिचे पाय गेले. आता तू धावून पुन्यांदा घालवतं का?"

हे बोलताना त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. सुगंधा बसली. त्यानं तिचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताची नखं तो आपल्याच मांडीत रोवून बसला. बाबा, बाबा, बाबा. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दगड झाला होता, आणि झाला तो नेमका त्या दिवशी.

मग रडणं तुटक झालं, आणि थांबलं.

दोघं श्वास धरून ऐकत राहिली. लाटांशिवाय काही नाही. सुगंधानं नवऱ्याकडे पाहिलं, आणि वारलूच्या तोंडावर हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "लागली," तो म्हणाला. "सुगंधा, रेती लागली." तिनं दोन्ही हात जोडून मार्कंड्याच्या देवाला नमस्कार केला. तो कोणत्या दिशेला आहे, हे तिला तिथे कळणं शक्य नव्हतं. थोडा वेळ रेतीला आपलं काम करू द्यावं म्हणून ती दोघं तशीच बसून राहिली.

किंकाळी आली ती दुसऱ्याच बाईची.

दोघं वळली. जिथे रेती होती तिथे पाणी होतं. त्या पाण्यात एक काळीसावळी कोळीण गुडघ्यांवर बसली होती. एका हातानं तिनं काहीतरी वर धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं ती पाण्याखाली उकरत होती. वर धरलं होतं ते अनसाचं डोकं. लाट आली की ते बुडायचं, गेली की निघायचं. पोर रडायची थांबली होती, कारण तोंड उघडलं की पाणी आत जात होतं.

वारलू कसा पोचला हे त्याला कधीच आठवलं नाही. तो उकरू लागला. जेवढी रेती काढी तेवढी लाट परत भरी. त्यानं स्वतः ठासून भरलेली रेती. पायानं दाबलेली. आणखी दोन कोळी धावत आले, चौघांनी मिळून ओढलं, आणि अनसा सुटली. कोळिणीनं तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. पाणी पडलं, पोरीनं श्वास घेतला. मग ती बाई वळली आणि ओल्या हातानं तिनं वारलूच्या थोबाडीत दिली. तेलुगूत ती काय बोलली ते त्याला समजलं नाही, पण न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. दूर कुठेतरी झोपडीत तिच्या कानावर लेकराचं रडणं गेलं आणि ती धावत सुटली. तिला आपली रीत ठाऊक नव्हती.

परतीच्या गाडीत अनसाला खिडकीशी बसवलं. तिनं बाहेर पाहिलं नाही. तहान लागली का, भूक लागली का, वारलू विचारत राहिला. ती बापाच्या तोंडाकडे पाहायची, रागानं नव्हे, अनोळखी माणसाकडे पाहावं तशी.

गुणाबाई बल्लारशाला येऊन थांबली होती. "रडली?" तिनं विचारलं.

"रडली."

"पाठ फिरवली का?"

"फिरवली."

"मंग गुण येईन," गुणाबाई म्हणाली. पुढचं तिनं ऐकलं, हळहळली, पोरीला कुशीत घेतलं. पण आपलं म्हणणं काही तिनं मागे घेतलं नाही.

आणि गुण आला, हे सांगायला माझीच जीभ जड होते. अनसानं त्या दिवसापासून हाक मारली नाही. कुणालाच नाही. पाणी हवं झालं की ती कोपरांवर सरपटत रांजणापाशी जायची. दारात बसायचं असलं की भिंतीला धरून अंग ओढायची. वारलू धावत गेला की थांबायची आणि तो जाईपर्यंत तशीच पडून राहायची. पावसाळ्यात ती खाटेच्या पायाला धरून उभी राहिली. दिवाळीला चौकट धरून एक पाय टाकला, दुसरा मागे ओढला. पुढच्या संक्रांतीला बाबूभाईनं दिलेल्या काठीवर अंगणभर खुरडत फिरू लागली. चाळ जमली, सुगंधानं साखर वाटली. वारलूनंही हात पुढे करून साखर घेतली आणि ती कितीतरी वेळ त्याच्या मुठीत तशीच राहिली. रात्रपाळी करून आल्यावर तो अजूनही खाटेवर डोळे मिटून पडे आणि एका बिनकामाच्या हाकेची वाट पाही.

बंदरच्या रेतीचा बोलबाला झाला. चैत तोंडावर आला तेव्हा धानोऱ्याकडून लटारू नावाचा एक माणूस आला. पाठीवर लुळी पोर, तिच्या मानेवर घामोळं, गाढ झोपलेली. गुणाबाई तेव्हा तिथेच होती. तिनं त्याला खड्ड्यापासून पाठ फिरवण्यापर्यंत सगळं सांगितलं.

"तसं करू नोको, भाऊ," वारलू मध्येच म्हणाला. "ते पानी वर येते. मायी पोट्टी मरत होती. बसवशीन त तिचा हात धरून बस. रडली का काढ. मी सांगून राह्यलो ना, काढ."

लटारूनं ऐकून घेतलं. "मंग वरच्या अंगाले बसवू," तो समजुतीनं म्हणाला. एवढा गुण मिळालेला माणूस असं काऊन बोलतो, हे काही त्याला उमगेना.

तेवढ्यात अंगणात काठी वाजली आणि अनसा पडली. तोंडावरच पडली. वारलू धावला, दोन्ही हात पुढे केले. तिच्या ओठातून रक्त येत होतं. ती रडली नाही. मातीत कोपर टेकून तिनं वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाली,

"बाबा, पाठ फिरव."

त्याचे हात तसेच राहिले. ती वाट पाहत होती. तो पाहत असेपर्यंत ती उठणार नव्हती, हे त्याला माहीत होतं. वारलूनं पाठ फिरवली. मागे काठी खरवडल्याचा आवाज आला, पोरीचा दम लागल्याचा, मग भिंतीला हात घासल्याचा. त्याला ओरडून रडावंसं वाटलं आणि ते कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटलं. समोर लटारू उभा होता. तो वारलूच्या खांद्यावरून मागे पाहत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. बापानं पाठ फिरवली आणि लुळी पोर आपली आपण उठून उभी राहिली, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानं पाठीवरची पोर जरा वर सरकवून घेतली.

"बंदरची गाडी कधी जाते, भाऊ?" त्यानं विचारलं.